आवाज बदलला की सोड

३ मार्च

ताई,

पत्र बघून घाबरशील, म्हणून आधीच सांगतो, आई ठीक आहे. म्हणजे होती तशीच आहे. जेवते, झोपते, खिडकीशी बसते आणि बोलत नाही. येत्या दहा तारखेला बाबांना जाऊन आठ महिने होतील. डॉक्टर परत येऊन गेले. टॉर्च मारून घसा बघितला आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'घशात दोष नाही. धीर धरा.' धीर धरायला माझ्याकडे दुसरं आहे तरी काय!

लिहायचं कारण वेगळंच आहे. पंधरा दिवसांपूर्वी छापखान्यातून बांधणीसाठी पुस्तकांच्या फर्म्यांचं गाठोडं आलं. शिलाईला सोडलं, तर आत मांजराचं पिल्लू. राखाडी, मुठीएवढं, नुकतं चालायला लागलेलं. परत पाठवायला पिशवीत घालत होतो तेवढ्यात आई खाटेवरून उठली. स्वतःहून उठली, ताई! भिंत धरत धरत आली, माझ्या हातातून पिल्लू घेतलं आणि शालीत गुंडाळून निघून गेली. मग बोटाने वाटी दाखवली. आठ महिन्यांत तिने मागितलेली ही पहिली वस्तू. तेव्हापासून आधी पिल्लू पितं, मग आई जेवते. पूर्वी दोन घास घशाखाली घालताना माझ्या नाकी नऊ यायचे.

आता घोटाळा ऐक. काल ते फळीवर चढलं आणि तिथून थेट खळीच्या पातेल्यात. नशीब, खळ निवली होती. पण खळीत मोरचूद असतं, हे तुला वेगळं सांगायला नको. नाहीतर कसर पुस्तकं खाते. हात धुतल्याशिवाय जेवायला बसलो तर आई किती ओरडायची, आठवतंय ना? मी पिल्लाला नळाखाली धरलं. त्याने माझं मनगट फाडलं आणि तसंच चिकट अंग घेऊन प्रेसखाली जाऊन बसलं. बाहेर काढलं तोवर खळ वाळून अंगावर पुठ्ठा झाला होता. चाटू नये म्हणून मी खऱ्याच पुठ्ठ्याचं गोल कडं कापून त्याच्या गळ्यात शिवलं आहे. दिसतं राजासारखं, बघतं शत्रूसारखं.

गावातला दवाखाना गुरांचा. तिथे न्यावं म्हटलं तर आई पिल्लाची टोपली सोडत नाही. तू एकोणीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात आहेस. सांग, हे धुवायचं कसं? धरायचं कसं? त्याचं काही झालं तर आई परत जेवणार नाही, बाकी मला काही माहीत नाही.

फोन करू नकोस. फार खरखर येते, काही समजत नाही. लिहूनच कळव, सगळं बारीकसारीक.

तुझा,
धाकटा


८ मार्च

धाकट्या,

मांजराला नळाखाली धरलंस! मी इतक्या मोठ्याने हसले की डॉक्टरीणबाई तपासणीच्या खोलीतून बाहेर आल्या. त्यांनाही वाचून दाखवलं. कड्याचं ऐकून मात्र म्हणाल्या, हा माणूस शहाणा आहे. बघ, घरातल्या कोणाला तरी कोणीतरी शहाणं म्हटलं.

आता नीट वाच. मोरचूद हसण्यावारी नेऊ नकोस, पोटात गेलं तर पिल्लू हातचं जाईल. दोन घमेली घे, नळ नको. नळाचा आवाज आणि धार, दोन्हींना मांजरं भितात. पाणी कोमट, कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघ, गरम लागता कामा नये आणि गारही. घमेल्याच्या तळाशी जुना टॉवेल टाक, म्हणजे नखं रोवायला काहीतरी मिळतं. पाय घसरला की मांजराला वाटतं आपण मेलो, आणि मग ते तुला मारतं. नखांची टोकं आदल्या दिवशी काप, झोपेत असताना. तोंडावर पाणी नको. खळ पिठाची आहे, भिजली की आपोआप सुटेल. ओढू नकोस, केसांबरोबर कातडी येईल.

धरायचं म्हणजे एक हात मानेमागे, दुसरा छातीखाली. छाती आवळायची नाही, त्याच्या फासळ्या काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या असतात. फारच झोंबायला लागलं तर टॉवेलात पुरचुंडी कर आणि एकेक भाग बाहेर काढून धू. ते ओरडेल. खुशाल ओरडू दे, ओरडतंय तोवर सगळं ठीक आहे. पण आवाज बदलला की सोड. वरचा किंचाळता आवाज एकदम खाली उतरून घरघरला, किंवा मधेच तुटला, की त्याच क्षणी हात सैल. काम अर्धं राहिलं तर राहू दे. मी एकोणीस वर्षं हे काम हातांपेक्षा कानांनीच केलं आहे. बघायला वेळ कुठे असतो, दोन्ही डोळे नखांवर असतात.

आईने बोटाने वाटी मागितली, हे वाक्य मी तीनदा वाचलं.

तू विचारत नाहीस, पण मनात आणतोस, ते माहीत आहे मला. ताई येत का नाही? अरे, तूही होतास ना तेव्हा खोलीत. मी शिलाईची सुई ठेवली आणि म्हटलं, मला जनावरांच्या दवाखान्यात नोकरी लागली आहे. ती म्हणाली, 'जा. मी हाक मारणार नाही.' मी म्हटलं, 'तू हाक मारल्याशिवाय मीही येणार नाही.' एकोणीस वर्षं झाली. बाबा वर्षातून दोनदा मला भेटायला यायचे, येताना तिच्या हातचं काहीतरी आणायचे आणि सांगायचे, मीच केलंय. बाबांच्या वेळी मी आले, बाहेरच्या बाहेर तासभर उभी राहिले. तिने मान वर केली नाही. तुला मिठी मारली, तूही एक शब्द बोलला नाहीस. आपलं घर तसंच आहे, सगळे फुगून बसणारे आणि पहिली हाक कोणी मारायची यावर अडून राहणारे.

तिने हाक मारली तर मी त्याच रात्रीच्या गाडीने निघेन. माझं नाव नुसतं पुटपुटली तरी चालेल. कळव.

ताई


१४ मार्च

ताई,

सगळं तू लिहिलंस तसंच केलं. घमेली दोन, पाणी कोमट, तळाशी टॉवेल. शेजारच्या शिंपीणकाकू मदतीला आल्या. पाठीवरची खळ बरीचशी सुटली. पाणी हिरवट झालं. मग पोटाकडे वळलो आणि पिल्लाने माझ्या कोपरापासून अंगठ्यापर्यंत नांगर चालवला. मी सोडलं, ते काकूंच्या खांद्यावर, तिथून प्रेसच्या दांड्यावर. काकू म्हणतात, अख्ख्या जिन्यावर ऐकू गेलं. वरच्या मास्तरांना वाटलं, आमच्याकडे कोणाचा तरी जीव घेताहेत.

पण ताई, आई हसली. दारात उभी होती. प्रेसवर बसलेलं ते अर्धं ओलं, अर्धं पुठ्ठ्याचं ध्यान आणि खाली रक्ताळलेला मी. तिचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं, रडते आहे. जवळ गेलो तर हसत होती. मी पुढे गेलो आणि तिने तोंड मिटून घेतलं.

पोट आणि मागचे पाय राहिलेत. कडं अजून गळ्यात आहे. त्याच्या कातडीवर लाल चट्टे आलेत, आई मला ते बोटाने दाखवते आणि माझ्याकडे बघत राहते, जसं काही मी ते मुद्दाम केलंय. रविवारी पुन्हा प्रयत्न करतो.

एक विचारायचं होतं. आवाज बदलतो तेव्हा नेमकं दिसतं कसं? म्हणजे बघणाऱ्याला काय कळतं? ते जरा लिही.

आई अजून बोललेली नाही. तुझं नावही नाही. बोलली असती तर मी कळवलंच असतं.

धाकटा


१९ मार्च

धाकट्या,

आवाज दिसतो कसा म्हणे! बुकबाइंडरला सगळंच पुस्तकात छापून हवं असतं. अरे बाबा, आवाज ऐकायचा असतो. ऐकलास की आपोआप कळेल, आंधळ्यालासुद्धा कळतं.

तुझं चुकलं कुठे ते सांगते. तू सैल धरलंस. भित्र्या हाताला मांजर बरोबर ओळखतं. आमच्याकडे परवा एक बोका आला होता, तीन माणसांना ऐकेना. मी त्याला टॉवेलात मानेपासून शेपटीपर्यंत गुंडाळला, काखेत घट्ट दाबला आणि दोन मिनिटांत काम उरकलं. तसं कर. घट्ट गुंडाळ, कोपराने अंगाशी दाबून धर, पोटाकडची बाजू मोकळी ठेव आणि एकदाचं संपव. चट्टे आले आहेत म्हणजे आता दिवस घालवायचे नाहीत. या रविवारी राहिलं असेल तर पुढच्या रविवारी नक्की. दया दाखवत बसलास तर मोरचूद त्याला खाईल. घट्ट धरणं म्हणजे दुष्टपणा नाही.

आई हसली, हे वाचून मी कपाटावरची प्रवासाची पिशवी खाली काढली. मग मलाच माझं हसू आलं आणि परत वर ठेवली. नाही, खोटं कशाला लिहू, वर नाही ठेवली. दाराशी आहे.

एक शब्द बोलली तरी लिही.

ताई


९ एप्रिल

धाकट्या,

तीन आठवडे झाले. माझं पत्र मिळालं ना? तुझ्या खालच्या दुकानदाराकडे दोनदा फोन केला. पहिल्यांदा तो म्हणाला, वर जाऊन सांगतो. दुसऱ्यांदा म्हणाला, 'सांगितलं, पण ते फोनवर येत नाहीत.' येत नाहीत म्हणजे काय?

रागावलास का माझ्यावर? रागावला असशील तर तसं लिही, गप्प बसू नकोस. एकाच घरात किती माणसांनी गप्प बसायचं?

पिल्लू कसं आहे? आई कशी आहे? दोन ओळी टाक.

ताई


१५ एप्रिल

ताई,

पिल्लू गेलं. माझ्या हातात गेलं. हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं, आता पाचव्यांदा फाडणार नाही.

तुझं पत्र आलं त्याच्या पुढच्या रविवारी शिंपीणकाकू कपडे पोचवायला बाहेर गेल्या होत्या. मी थांबायला हवं होतं. पण चट्टे वाढले होते आणि आई सकाळपासून माझ्याकडे तशी बघत होती. म्हटलं, एकट्याने करू. पाणी कोमट केलं, कोपराला लावून बघितलं. कडं सोडलं. पिल्लाला टॉवेलात मानेपासून शेपटीपर्यंत गुंडाळलं, घट्ट. काखेत घेतलं आणि कोपराने दाबलं. दाराकडे पाठ करून बसलो, कारण उजेड खिडकीतून येतो.

पहिल्यांदा ते फार झोंबलं. मग थोडं कमी. मग शांत झालं. ताई, मला वाटलं, जमलं! मनात म्हटलं, ताईची युक्ती लागू पडली, आता तिला लिहितो. मी आनंदाने पोट धुतलं. एकेक गाठ भिजवून सोडवली, कुठेच ओढलं नाही. मागचे पाय धुतले. दुसऱ्या घमेल्यात विसळून काढलं. इतकं स्वच्छ झालं होतं. टॉवेल उघडला तेव्हा मान एका बाजूला पडली.

मी वळलो तर आई उंबऱ्यावर पडली होती. तोंड उघडं, हात माझ्याकडे. तिच्या मागे जिन्यावरून काकू धावत आल्या, गळ्यात टेप तसाच. त्या आईजवळ बसल्या, मग उठून माझ्याजवळ आल्या आणि खिशातला खडू काढून माझ्या काळ्या पुठ्ठ्यावर लिहिलं. तो पुठ्ठा मी ठेवला आहे. 'आई ओरडत होत्या. खालच्या मजल्यावर ऐकू आलं. सोड, सोड, मरेल ते.'

मला ऐकू येत नाही, ताई. थोडं कमी येतं असं मी तुला पूर्वी लिहिलं होतं, ते आता काहीच राहिलेलं नाही. तीन वर्षं झाली. प्रेसचा दांडा हातातून निसटून लोखंडावर आपटला, तर हाताला हादरा बसतो, तेव्हा कळतं. बाबांना माहीत होतं. ते दारात बसायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचे आणि मला पाटीवर लिहून दाखवायचे. आईने हाक मारली तर तिला सांगायचे, तो कामात आहे, मला सांग काय ते. बहिऱ्याकडे कोणी काम देणार नाही अशी भीती होती आम्हाला. तुला कळवलं नाही, कारण तू धावत आली असतीस आणि तीही आईसाठी नाही, माझ्यासाठी. ते आईला लागलं असतं. असा काहीतरी हिशेब होता आमचा. बाबा गेले आणि मला पाटी दाखवणारं कोणी राहिलं नाही. बाबांच्या वेळी तू मिठी मारून काय बोललीस, ते मला आजही माहीत नाही.

आवाज दिसतो कसा, हे मी म्हणूनच विचारलं होतं. तू थट्टा केलीस तेव्हा परत विचारायची लाज वाटली.

आता सगळ्यात वाईट. काकूंनी ओळखलं होतं माझं, पण बोलल्या नव्हत्या. त्यांनी त्या दिवशी आणखी लिहिलं. आई गेला महिनाभर रोज दुपारी त्या पिल्लाशी बोलायची. मी बाहेरच्या खोलीत फर्मे ठोकत असायचो तेव्हा. भिंतीपलीकडून काकूंना कुजबूज ऐकू यायची, शब्द नाही कळायचे. त्यांना वाटलं, मला दिसत असेल. मी आत गेलो की ती तोंड मिटायची, हे त्यांना कसं माहीत असणार!

म्हणजे मी तुला लिहीत होतो की आई बोलत नाही, आणि आई रोज बोलत होती. तिने तुला हाक मारली की नाही, मला माहीत नाही. मारली असेल. मी ऐकली नसेल.

त्या दिवसापासून ती पुन्हा गप्प आहे. काकू दिवसातून तीनदा येऊन बसतात, एक शब्द नाही. जेवण वाटीत तसंच राहतं. रिकामी टोपली खाटेशी आहे, उचलू देत नाही.

धाकटा


१९ एप्रिल

धाकट्या,

मी येते आहे. हाक नको आणि काही नको. सुट्टीचा अर्ज टेबलावर ठेवला आहे, मिळाली तर तेवीसच्या गाडीने, नाही मिळाली तरी तेवीसच्याच गाडीने. हे पत्र माझ्या आधी एक दिवस पोचेल.

पिल्लू तुझ्या हातात गेलं, पण मारलं मी. घट्ट धर, कोपराने दाब, हे मी लिहिलं. ज्या गोष्टीवर मी एकोणीस वर्षं ते काम केलं ती तुझ्याकडे आहे का, हे मी विचारलंही नाही. तू विचारलंस, तर मी आंधळ्यावर विनोद केला. तो कागद मला परत मिळाला तर मी तो गिळून टाकेन.

तू विचारलं होतंस त्याचं उत्तर आता लिहिते. आता त्याचा उपयोग नाही, तरी लिहिते, कारण तू विचारलं होतंस. कान मागे चपटे होतात. डोळ्यांतलं काळं पसरून सगळा डोळा काळा होतो. तोंड उघडं राहतं आणि जीभ दिसते. हिरड्या फिक्या पडतात. आणि पोट बघायचं, भात्यासारखं वरखाली होत असतं, ते मंद झालं की सोडायचं. शांत झालं म्हणजे जमलं, असं मांजराच्या बाबतीत कधीच समजायचं नसतं. हे सगळं मला येत होतं. अर्ध्या पानात मावलं बघ.

बाबांच्या वेळी मिठी मारून मी म्हटलं होतं, 'आईला सांभाळ, आणि स्वतःलाही.' एवढंच. तू मान हलवली नाहीस म्हणून मी नऊ महिने मनात धरून बसले होते.

ताई


४ मे
तुझ्या टेबलापासून दहा पावलांवर

धाकट्या,

हे पत्र टपालाने येणार नाही. तू बाहेर शिलाई करतो आहेस, मी आईच्या खोलीत बसून लिहिते आहे आणि लिहून झालं की तुझ्या हातात आणून देणार आहे. पाटीवर मावणार नाही एवढं आहे, आणि पाटी पुसावी लागते. हे पुसायचं नाही.

अकरा दिवस ती माझ्याशीही बोलली नाही, हे तू बघितलंसच. मी दारात उभी राहिले तेव्हा तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि कूस बदलली. मी म्हटलं, ठीक आहे, आपल्या घराला साजेसंच स्वागत झालं. रोज तिला भरवलं, रोज केस विंचरले, टोपली उचलली नाही. आणि रोज वाटत राहिलं, उशीर झाला. आपण दोघांनी मिळून तिचं तोंड कायमचं बंद केलं.

आज सकाळी तिला आंघोळ घालत होते. पाणी कोमट, कोपराला लावून बघितलं, सवयच ती. पाय घसरू नये म्हणून खाली टॉवेल घातला. तिने हात झिडकारला, मी मनगट धरलं. दवाखान्यात धरते तसंच, विचार न करता. ती हलली, मी आणखी घट्ट धरलं. आणि ती म्हणाली, 'सैल धर.'

मी सोडलं. तांब्या हातातून पडला. तुला ऐकू गेलं नाही, म्हणून तू आला नाहीस, बरं झालं. मी तिथेच ओल्या फरशीवर बसून रडले.

ती थांबली नाही मग. आवाज फार बारीक झाला आहे, वाळल्या पानासारखा, मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला. मी विचारलं, आई, इतके महिने का बोलली नाहीस? ती म्हणाली, 'बोलत होते की. बाप गेल्यावर चार दिवस याला हाका मारल्या. वळून बघितलं नाही. वाटलं, राग धरलाय. बापाची औषधं मी वेळेवर दिली नाहीत म्हणून राग धरलाय. म्हटलं, तू बोलत नाहीस तर मीही नाही बोलणार.'

अरे, कळतंय का तुला? तिला माहीत नव्हतं. बाबांनी तुझं बहिरेपण इतकं चोख झाकलं की तिलाही सांगितलं नाही. तू तिच्याकडे पाठ करून काम करत राहिलास आणि ती आठ महिने समजत राहिली की मुलगा आपल्याला माफ करत नाही. तू डॉक्टर आणत होतास तिच्या घशासाठी.

मी विचारलं, पिल्लाशी का बोलायचीस? म्हणाली, 'ते ऐकायचं. मी बोलले की कान माझ्याकडे वळवायचं. कधी उजवा, कधी डावा. घरात तेवढंच एक ऐकणारं होतं.'

मग मी ते विचारलं, जे विचारायला एकोणीस वर्षं घेतली. मला कधी हाक मारलीस का? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मूर्खच आहे. म्हणाली, 'तुला कशाला मारू? तू येणार नव्हतीस. पिल्लालाच सांगायचे रोज, मोठं हो आणि माझ्या थोरलीला घेऊन ये.' आणि थोडी हसली. मग हसू गेलं आणि तिने टोपलीकडे बघितलं.

त्या दिवशीचंही तिने सांगितलं, ते तुझ्यापासून लपवणार नाही. ती ओरडत होती, तू पाठमोरा धूत होतास, तुझे खांदे सैल आणि खूश दिसत होते. तेव्हा तिला कळलं. म्हणाली, 'इतकं ओरडल्यावर रागातला माणूससुद्धा वळतो. तो वळला नाही. तेव्हा समजलं, माझ्या लेकराला ऐकूच येत नाही.' त्याच क्षणी पाय गेले तिचे. पिल्लासाठी पडली नाही ती, धाकट्या. निदान नुसती पिल्लासाठी नाही.

ती नंतर गप्प का झाली, तेही विचारलं. म्हणाली, आता कोणाशी बोलायचं?

फार थकली आहे. खोटी आशा लावत नाही तुला, मी जनावरं बघते, पण जीव कुठला सुटत चाललाय ते माझ्या हाताला कळतं. किती दिवस आहेत माहीत नाही. सुट्टी परवा संपते, मी जात नाही. जोपर्यंत ती बोलते तोपर्यंत मी ऐकेन आणि लिहून तुला देईन. मला एक कोरी वही बांधून दे, जाड, शिलाई पक्की.

आत्ताचं तिचं बोलणं जसंच्या तसं खाली लिहिते. मी खाटेशी बसले आहे, ती दाराकडे बघते आहे, तुझ्या पाठीकडे.

'त्याला सांग, मी रागावले नव्हते. सांग, खळ ठेव बाजूला आता, वेळ झाली. जेवायला ये म्हणावं. आणि हात नीट धू म्हणावं, मोरचूद असतं.'